मोबाइलचे जाळे आणि विजेची काटकसर

नांदुऱ्याहून मलकापूरकडे, खामगावकडे किंवा जळगाव जामोदकडे निघालेल्या प्रवाशास काळ्या मातीच्या सपाट शिवारात मोबाइलचे मनोरे दुरूनच दिसू लागतात. पूर्वी गाव जवळ आल्याची खूण म्हणजे वेशीवरचे पिंपळाचे झाड किंवा पाण्याची टाकी असे. आज ती खूण बहुधा हा लोखंडी मनोरा असतो. मनोरा डोळ्यांना दिसतो, त्याच्याकडून येणारी सेवा हातातील यंत्रात दिसते. परंतु या दोहोंच्या मध्ये अखंड वाहणारी वीज मात्र कोणाच्याच लक्षात येत नाही. गावातील शेवटचा दिवा मालवला, रस्त्यावर चिटपाखरू उरले नाही, तरी मनोऱ्याच्या पायथ्याशी असलेल्या पेटीतील यंत्रे जागीच राहतात. ती कोणाशी बोलत असतात? आणि कोणीच ऐकत नसताना बोलण्यासाठी किती वीज खर्च करतात?

प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे. मोबाइलच्या जाळ्यात वीज नेमकी कोठे खर्च होते, त्यातील किती खर्च अटळ व किती टाळता येण्याजोगा आहे, आणि तो टाळण्याचे कोणते मार्ग अभियंत्यांनी शोधले आहेत, याची ओळख विद्यार्थ्यांना व पालकांना व्हावी, हा हेतू आहे. हा प्रश्न केवळ कंपन्यांच्या वीजबिलाचा नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एखाद्या लहान वस्तीला मोबाइलची सेवा मिळणार की नाही, आणि मिळाली तर वीज गेल्यावर ती किती तास टिकणार, याचे उत्तर बऱ्याच अंशी याच हिशोबात दडलेले आहे.

जाळ्याची रचना

दोन मोबाइल फोन एकमेकांशी थेट बोलत नाहीत. प्रत्येक फोन आपल्या जवळच्या मनोऱ्यावरील केंद्राशी, म्हणजे बेस स्टेशनशी, रेडिओ लहरींच्या साहाय्याने बोलतो. तेथून पुढचा प्रवास प्रकाशतंतूंतून किंवा मनोऱ्यावरील गोल तबकड्यांतून होतो, आणि शेवटचा टप्पा पुन्हा रेडिओ लहरींचा असतो. सगळा प्रदेश लहान लहान कक्षांत विभागायचा, प्रत्येक कक्षाला एक केंद्र द्यायचे आणि दूरदूरच्या कक्षांत त्याच त्या लहरी पुन्हा वापरायच्या, ही मूळ कल्पना अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डग्लस रिंग यांनी १९४७ साली मांडली. नकाशावर हे कक्ष मधमाश्यांच्या पोळ्यासारखे षट्कोनी काढतात. इंग्रजीत कक्षाला ‘सेल’ म्हणतात. ‘सेल्युलर’ हे नाव त्यावरूनच आले. भारतात पहिला मोबाइल संवाद ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून दिल्लीशी झाला. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू आणि केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्यातील तो संवाद होता. त्यानंतरच्या तीन दशकांत हे पोळे देशभर पसरले.

या जाळ्यातील सर्वांत भुकेला भाग कोणता? फोन नव्हे. फोनच्या विजेचा हिशोब सोपा आहे. पाच हजार मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत सुमारे १९ वॅट-तास ऊर्जा मावते. रोज एकदा पूर्ण भरली आणि चार्जरमधील गळतीही धरली, तरी वर्षाला आठ-नऊ युनिटांपेक्षा अधिक वीज लागत नाही. चौथ्या पिढीचा फोन मनोऱ्याकडे संदेश पाठविताना फार तर एक पंचमांश वॅट शक्ती प्रक्षेपित करतो. खरा खर्च पलीकडच्या टोकाला आहे. मोबाइल कंपन्यांच्या एकूण वीजवापरातील सुमारे तीन-चतुर्थांश हिस्सा बेस स्टेशनांच्या रेडिओ जाळ्यातच जातो.

वीज जाते कोठे?

युरोपीय संघाच्या साहाय्याने २०१० ते २०१२ या काळात ‘अर्थ’ नावाचा एक संशोधन प्रकल्प राबविण्यात आला. मराठीत या शब्दाला वेगळाच अर्थ आहे. तेथे तो इंग्रजीतील ‘पृथ्वी’ या शब्दावरून घेतलेला होता. त्या प्रकल्पातील अभियंत्यांनी बेस स्टेशनच्या वीजवापराचा एक नमुना तयार केला, आणि आजही या विषयाचा अभ्यास बहुधा त्यापासूनच सुरू होतो. त्या काळातील चौथ्या पिढीच्या मोठ्या केंद्राचे आकडे त्यात पुढीलप्रमाणे आहेत. अँटेनातून जास्तीत जास्त २० वॅट शक्ती बाहेर टाकणारा एक रेडिओ संच पूर्ण भारावर असताना २२४ वॅट वीज घेतो. त्याच्यावर कोणाचेही काम नसताना तो १३० वॅट घेतो. त्याला पूर्ण झोपविले, तर ७५ वॅट.

हे आकडे बारकाईने पाहण्यासारखे आहेत. पहिली गोष्ट अशी की, २२४ वॅट आत गेल्यावर २० वॅट बाहेर पडतात, म्हणजे शंभरातले सुमारे नऊच. उरलेली सर्व शक्ती उष्णता होऊन जाते. दुसरी गोष्ट अधिक चिंतनीय आहे. काम शून्य असले तरी खर्च पूर्ण खर्चाच्या ५८ टक्के राहतो. तीन दिशांना तोंड केलेल्या आणि प्रत्येक दिशेला दोन संच असलेल्या केंद्रात असे सहा संच असतात. पूर्ण भारावर त्यांचा खर्च १,३४४ वॅट होतो, आणि रिकामे असताना ७८० वॅट. अशा केंद्राकडे वर्षभर एकही फोन आला नाही, तरी ते सुमारे ६,८०० युनिट वीज खाईल. महिन्याला ५५-६० युनिट वापरणाऱ्या दहा कुटुंबांची ही वर्षभराची वीज झाली.

हा रिकामा खर्च कोणासाठी होतो, तेही पाहू. त्या केंद्राच्या छायेत दोन हजार ग्राहक असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाला साडेतीन युनिटही येत नाहीत. तेथे दोनशेच ग्राहक असतील, तर तो वाटा ३४ युनिटांवर जातो. म्हणजे स्वतःचा फोन भरण्यासाठी लागणाऱ्या विजेच्या चौपट. शहरात हा खर्च हजारो लोकांत विभागला जाऊन दिसेनासा होतो. विरळ वस्तीच्या भागात मात्र तो सेवेच्या वाटेत उभा राहतो. लहान गावांत मनोरा उभारण्यास कंपन्या का कचरतात, याची जी अनेक कारणे आहेत, त्यांत हे एक मोठे कारण आहे.

रिकामा खर्च का होतो?

रेल्वे स्थानकाचे उदाहरण घेऊ. गाडी येवो वा न येवो, सिग्नलचे दिवे लागलेलेच असावे लागतात, आणि स्थानकाच्या नावाची पाटी वाचता यावी इतका उजेड फलाटावर ठेवावाच लागतो. बेस स्टेशनलाही ‘मी येथे आहे, माझे नाव हे, माझ्याशी बोलण्याची वेळ ही’ असा ओळखसंकेत सतत प्रसारित करावा लागतो. तो नसेल तर नुकताच सुरू केलेला फोन कोणाशी बोलावे हेच ओळखू शकणार नाही. चौथ्या पिढीच्या रचनेत हे संदर्भसंकेत प्रत्येक मिलिसेकंदात पाठवावे लागतात. त्यामुळे यंत्राला डोळा लागण्याइतकीही उसंत मिळत नाही.

दुसरे कारण विवर्धकाचे आहे. क्षीण विद्युतसंकेताला बलवान करून अँटेनाकडे पाठविणारा हा घटक, म्हणजे ॲम्प्लिफायर, मोठ्या केंद्रातील निम्म्याहून अधिक वीज एकटाच घेतो. आधुनिक संकेतांत सरासरी पातळीच्या कित्येक पट उंच शिखरे मधूनमधून येतात. ती तुटू नयेत म्हणून विवर्धक नेहमी आपल्या क्षमतेच्या बराच खाली चालवावा लागतो, आणि त्या स्थितीत त्याची कार्यक्षमता ढासळते. कधीतरी येणाऱ्या दहा पोत्यांच्या ओझ्यासाठी रोज दोन पोती घेऊन मोठा ट्रक फिरवावा, तसा हा प्रकार आहे.

तिसरे कारण उष्णता. वाया गेलेली शक्ती खोलीत साठते, आणि ती बाहेर काढण्यासाठी वातानुकूलन यंत्र लावावे लागते. आपल्या भागात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा विजेने निर्माण केलेली उष्णता पुन्हा विजेनेच हटविण्याचा दुहेरी भुर्दंड पडतो.

डिझेलचे दिवस

भारतात या प्रश्नाला आणखी एक पदर होता. वीज चोवीस तास नव्हती. विदर्भातील ग्रामीण भागाने भारनियमनाचे दीर्घ तास सोसले आहेत. त्या काळात मनोऱ्याच्या पायथ्याशी डिझेल जनरेटरचा आवाज नित्याचा झाला होता. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, २०११ साली हरित दूरसंचाराविषयी शिफारशी केल्या. त्या वेळी दिलेल्या अंदाजानुसार देशभरातील मनोरे वर्षाला सुमारे २०० कोटी लिटर डिझेल जाळत होते आणि त्यातून सुमारे ५३ लाख टन कर्बवायू हवेत जात होता. एक जनरेटर तासाला सुमारे दोन लिटर डिझेल घेतो आणि प्रत्येक लिटरमागे २.६३ किलोग्रॅम कर्बवायू निघतो, असा तो हिशोब होता.

याच दराने एका मनोऱ्याचे गणित करून पाहावे. रोज आठ तास वीज नसेल, तर १६ लिटर डिझेल लागते. वर्षाला ते ५,८४० लिटर होते, आणि कर्बवायू १५ टनांहून अधिक. त्यातही दोन-तीन किलोवॅटच्या भारासाठी दहा-पंधरा केव्हीएचा जनरेटर चालविला जातो. इतक्या कमी भारावर डिझेल इंजिन अकार्यक्षमपणे चालते, हे वेगळेच.

या शिफारशींनंतर दूरसंचार विभागाने जानेवारी २०१२ मध्ये आदेश काढला. ग्रामीण भागातील निदान ५० टक्के आणि शहरी भागातील २० टक्के मनोरे २०१५ पर्यंत संमिश्र ऊर्जेवर, म्हणजे अपारंपरिक ऊर्जा व वीजवाहिनी यांच्या जोडीवर, आणावेत. २०२० पर्यंत हे प्रमाण अनुक्रमे ७५ व ३३ टक्के व्हावे, असे त्यात म्हटले होते. उद्दिष्ट मोठे होते आणि ते गाठणे सोपे नव्हते. ट्रायने २०१७ साली या विषयावर नव्याने शिफारशी केल्या. तथापि, मनोऱ्याच्या विजेचा प्रश्न हा सार्वजनिक धोरणाचा प्रश्न आहे, ही जाणीव या आदेशांतून रुजली, हे मान्य करावे लागेल.

काटकसरीचे मार्ग

पहिला मार्ग यंत्र सुधारण्याचा. विल्यम डोहर्टी या अभियंत्याने १९३६ साली बेल प्रयोगशाळेत एक जोड-विवर्धक तयार केला होता. नेहमीच्या कामाला एक भाग आणि शिखर आले की मदतीला दुसरा, अशी त्याची रचना होती. मूळ उपयोग नभोवाणीच्या प्रक्षेपकासाठी होता. परंतु सुमारे सत्तर वर्षांनंतर मोबाइलच्या केंद्रांनी ही कल्पना पुन्हा जवळ केली. तिच्या जोडीला गॅलियम नायट्राइडसारखे नवे अर्धवाहक पदार्थ आले आणि विवर्धकाची नासाडी पुष्कळ घटली. जुन्या कल्पना कालबाह्य होतातच असे नाही, हा यातला एक छोटा धडा विद्यार्थ्यांनी टिपून ठेवण्यासारखा आहे.

दुसरा मार्ग यंत्राची जागा बदलण्याचा. पूर्वी रेडिओ संच पायथ्याच्या खोलीत असत आणि जाड केबलमधून त्यांची शक्ती वर अँटेनापर्यंत नेली जाई. या प्रवासात सुमारे निम्मी शक्ती केबलमध्येच जिरत असे. आता रेडिओ संच मनोऱ्यावर, अँटेनाच्या पाठीशीच बसवितात. खालून वर केवळ प्रकाशतंतू आणि वीजतार जाते. केबलमधील नासाडी टळते, आणि संच उघड्या वाऱ्यावर असल्यामुळे खोलीतील वातानुकूलनाचे ओझेही कमी होते.

तिसरा मार्ग वाटून घेण्याचा. प्रत्येक कंपनीने आपला मनोरा, आपली खोली, आपल्या बॅटऱ्या व आपला जनरेटर उभारण्याऐवजी एकाच मनोऱ्यावर अनेकांनी अँटेना लावाव्यात, ही पद्धत भारतात फार लवकर रूढ झाली. इंडस टॉवर्स ही कंपनी भारती, व्होडाफोन व आयडिया या प्रतिस्पर्ध्यांनी २००७ साली एकत्र येऊन स्थापन केली, ती याच विचारातून. स्पर्धा ग्राहकासाठी असावी, लोखंड आणि डिझेल यांच्यासाठी नसावी, हे शहाणपण त्यात होते.

चौथा मार्ग अंतर कमी करण्याचा. मोकळ्या अवकाशात अंतर दुप्पट झाले, तर तोच संदेश पोहोचविण्यास चौपट शक्ती लागते. जमिनीवर घरे, झाडे व टेकड्या आड येतात, तेव्हा ती आठपट ते सोळापटही लागू शकते. म्हणून दाट वस्तीत मोठ्या केंद्राने दुरून ओरडण्यापेक्षा लहान केंद्राने जवळून कुजबुजणे स्वस्त पडते. मात्र लहान केंद्रांची संख्या वाढली आणि ती रिकामी जळत राहिली, तर बचत उलटते. म्हणूनच सर्व मार्गांत महत्त्वाचा ठरतो तो पाचवा.

झोपण्याची कला

पाचवा मार्ग म्हणजे काम नसेल तेव्हा यंत्राला झोपू देणे. सांगायला हे सोपे आहे. करायला अत्यंत नाजूक. रात्री दोन वाजता कोणी आजारी पडले आणि घरच्यांनी १०८ क्रमांक फिरविला, तर ‘केंद्र झोपले आहे’ हे उत्तर चालणार नाही.

अभियंत्यांनी यावर थरांचा उपाय काढला. एका मनोऱ्यावर निरनिराळ्या लहरींचे अनेक थर असतात. ७००, ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूरवर पोहोचतात. त्या पायाभूत सेवेसाठी. १८००, २३०० किंवा ३५०० मेगाहर्ट्झच्या लहरींचा पल्ला कमी, पण माहिती वाहून नेण्याची क्षमता अधिक. त्या गर्दीच्या वेळेसाठी. रात्री गर्दी ओसरली की वरचे थर झोपवायचे आणि तळचा थर पहारेकऱ्यासारखा जागा ठेवायचा. पहाटे वर्दळ वाढू लागली की तळच्या थराने वरच्यांना उठवायचे. पूर्वी उल्लेखिलेल्या सहा संचांच्या केंद्राचा एक संपूर्ण थर रोज रात्री पाच तास झोपविला, तर खर्च ७८० वॅटवरून ४५० वॅटवर येतो. रोजची बचत १.६५ युनिट, आणि वर्षाची सुमारे ६०० युनिट. एका थराची ही बचत लहान वाटेल. परंतु देशातील मनोरे लाखांत मोजले जातात, हे लक्षात घ्यावे.

याहूनही सूक्ष्म झोप आहे. दोन संदेशांच्या मध्ये काही सहस्रांश सेकंद मोकळे मिळाले, तर तेवढ्यातही विवर्धक बंद करता येतो. चौथ्या पिढीत संदर्भसंकेतांच्या गर्दीमुळे अशा डुलक्यांना फारसा वाव नव्हता. पाचव्या पिढीची रचना करतानाच ही चूक सुधारण्यात आली. तेथे ओळखसंकेत सामान्यतः २० मिलिसेकंदांतून एकदा, थोडाच वेळ पाठवितात आणि प्रसंगी हे अंतर १६० मिलिसेकंदांपर्यंत वाढविता येते. मधला काळ शांततेचा. आपल्या देशात पाचव्या पिढीची सेवा १ ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाली आहे.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. पाचव्या पिढीच्या मोठ्या अँटेनांत ६४ पर्यंत संच असतात, आणि गर्दीच्या वेळी त्यांचा एकूण वीजवापर जुन्या केंद्रापेक्षा अधिकही होतो. दर जीबीमागे लागणारी वीज मात्र त्यात पुष्कळ कमी असते. ‘प्रत्येक कामामागे खर्च घटला’ आणि ‘एकूण खर्च घटला’ ही दोन विधाने एक नव्हेत. वर्तमानपत्रांतील जाहिराती वाचताना हा भेद ध्यानात ठेवावा.

वाचवलेल्या विजेचे मोल

काटकसरीचा खरा लाभ तेव्हा दिसतो, जेव्हा वीजवाहिनी तुटते. जुलै २०२३ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील संग्रामपूर व जळगाव जामोद या तालुक्यांनी अतिवृष्टी आणि पुराचा तडाखा अनुभवला. अशा प्रसंगी रस्ता बंद होतो, जनरेटरसाठी डिझेल पोहोचत नाही, आणि मनोरा बॅटरीवर तग धरतो. समजा, ४८ व्होल्टची ६०० अँपिअर-तासांची बॅटरी आहे आणि तिच्यातील ८० टक्के ऊर्जा वापरता येते. म्हणजे हाताशी सुमारे २३ युनिट. केंद्र पूर्ण भाराने चालले, तर ते १७ तासांत मूक होईल. खर्च ७८० वॅटपर्यंत उतरविता आला, तर तेच केंद्र २९ तास बोलत राहील. या अधिकच्या बारा तासांत कोणाचा निरोप पोहोचेल आणि कोणाची सुटका होईल, याचे मोल युनिटांत करता येत नाही.

सौरऊर्जेचेही तसेच आहे. आपल्या भागात एक किलोवॅटच्या सौरपट्ट्यांतून सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट वीज मिळते. एक किलोवॅट सतत घेणाऱ्या केंद्राला रोज २४ युनिट लागतात. म्हणजे सहा किलोवॅटच्या पट्ट्या हव्यात. काटकसरीने तोच भार ६०० वॅटवर आणला, तर साडेतीन-चार किलोवॅटमध्ये काम भागते. पट्ट्या कमी, जागा कमी, बॅटरी लहान. आधी गळती बुजवावी, मग नवी विहीर खणावी, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. तंत्रज्ञानालाही तोच न्याय लागू आहे. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये सेवा न पोहोचलेल्या २४,६८० गावांपर्यंत चौथ्या पिढीची सेवा नेण्याची योजना मंजूर केली. अशा दुर्गम गावांत वीजवाहिनीचा भरवसा कमी असतो. म्हणून कमी विजेवर चालणारे केंद्र ही तेथे चैन नव्हे, ती पूर्वअट आहे.

पालघरचा धडा

महाराष्ट्राला या क्षेत्रात अभिमान वाटावा असे एक काम मुंबईच्या आयआयटीत झाले आहे. प्राध्यापक अभय करंदीकर यांच्या नेतृत्वाखालील गटाने पालघर परिसरातील खामलोली आणि आसपासच्या सात गावांत एक प्रयोग केला. दूरदर्शनच्या प्रक्षेपणासाठी राखलेल्या, परंतु प्रत्यक्षात रिकाम्या पडलेल्या लहरींवरून त्यांनी गावांपर्यंत इंटरनेट पोहोचविले. या लहरी झाडाझुडपांतून दूर जातात. मोठ्या गावात प्रकाशतंतू पोहोचला आहे, पण वाड्या-पाडे अजून दूर आहेत, अशा ठिकाणी मधला टप्पा या लहरींनी ओलांडायचा आणि वस्तीत शेवटच्या टप्प्याला साधे वाय-फाय द्यायचे, असा त्यांचा विचार होता. पुढे ‘ग्राम मार्ग’ या नावाने हे काम पालघर जिल्ह्यातील २५ गावांपर्यंत वाढले, आणि २०१७ साली मोझिला संस्थेच्या जागतिक स्पर्धेत त्याला पहिले पारितोषिक मिळाले.

या अनुभवातून एक मूलभूत प्रश्न पुढे आला. मोबाइलची जागतिक मानके श्रीमंत देशांतील वेगवान प्रवाशांच्या गरजेवर बेतलेली असतात. ताशी शेकडो किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीतील फोनही तुटता कामा नये, अशी त्यांची अपेक्षा. खेड्यातील बहुतेक वापर मात्र घरात, शाळेत, ग्रामपंचायतीत किंवा पारावर, म्हणजे एका जागी बसून होतो. ज्या सोयीची गरज नाही, तिच्यासाठी वीज आणि पैसा का खर्चावा? या विचारातून अल्पगती, कमी ऊर्जा आणि परवडणारी सेवा यांसाठी एक वेगळी रचना मांडली गेली. दूरवर पसरणारे एक मोठे केंद्र, आणि त्याच्या छायेत गावोगावी वाय-फायची लहान केंद्रे, असे तिचे स्वरूप आहे. विद्युत अभियंत्यांच्या ‘आयईईई’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने ती २०६१ क्रमांकाचे मानक म्हणून २०२४ साली स्वीकारली. खेड्याची गरज ही शहराच्या गरजेची गरीब नक्कल नसते. ती स्वतंत्रपणे अभ्यासावी लागते, हा या कामाचा खरा संदेश होय.

बचतीचा सापळा

एक शंका येथे रास्त आहे. यंत्रे इतकी सुधारली, तर एकूण वीजवापर घटला का? इंग्लंडमधील अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ साली कोळशाविषयी एक विचित्र गोष्ट निदर्शनास आणून दिली होती. वाफेची इंजिने अधिक कार्यक्षम झाली, तेव्हा कोळशाची मागणी घटण्याऐवजी वाढली, कारण इंजिन स्वस्त पडू लागल्याने सर्वत्र वापरले जाऊ लागले. मोबाइलचेही तसेच घडत आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी आपल्याकडील सरासरी ग्राहक महिन्याला एक जीबीही वापरत नव्हता. आज तो २० जीबी किंवा त्याहून अधिक वापरतो. यंत्राने वाचविलेली वीज आपल्या सवयी पुन्हा खर्च करतात. म्हणून काटकसरीचा अर्धा भाग अभियंत्याच्या हाती आहे, तर अर्धा वापरणाऱ्याच्या.

निवासी शाळेत यासाठी करण्यासारखे पुष्कळ आहे. एकच पाठ चाळीस विद्यार्थ्यांनी चाळीस फोनांवर पाहण्यापेक्षा तो एकदा उतरवून घेऊन पडद्यावर सर्वांना दाखवावा. जेथे वाय-फाय आहे, तेथे मोबाइलच्या जाळ्यावर भार टाकू नये. लहान पडद्यावर चित्र पाहताना उच्च दर्जाचा आग्रह धरू नये, कारण डोळ्याला फरक कळत नाही, मनोऱ्याला मात्र कळतो. सिग्नल अगदी क्षीण असलेल्या जागी फोन आपली शक्ती कमाल पातळीवर नेतो, म्हणून अशा ठिकाणी दीर्घ काळ बोलणे टाळावे. विज्ञान प्रदर्शनासाठीही हा विषय उत्तम आहे. साधा वॅटमापक घेऊन शाळेतील कोणती यंत्रे ‘रिकामी असताना’ किती वीज घेतात, हे मोजून पाहावे. दूरदर्शन संच, संगणक, पाणी शुद्ध करणारे यंत्र, वाय-फायची पेटी या सर्वांना मनोऱ्यासारखीच जागत राहण्याची सवय असते.

वीज ही सर्वांची

विजेच्या प्रश्नाकडे केवळ यंत्रशास्त्राच्या नजरेने पाहू नये, ही शिकवण आपल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडून मिळाली आहे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खात्याचे सदस्य असताना विजेचा विषय त्यांच्याकडे होता. ऑक्टोबर १९४३ मध्ये विद्युतधोरणविषयक समितीपुढे बोलताना त्यांनी स्वस्त व विपुल विजेची गरज देशाच्या औद्योगिकीकरणाशी आणि दारिद्र्यनिर्मूलनाशी जोडली. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले, तेही त्यांच्याच कारकिर्दीत. वीज कोणापर्यंत पोहोचते आणि कोणापर्यंत पोहोचत नाही, यावर समाजातील विषमता वाढते किंवा घटते, हे त्यामागचे सूत्र आजही तितकेच खरे आहे.

त्या काळी प्रश्न विजेच्या तारेचा होता. आज त्याला मोबाइलच्या लहरींची जोड मिळाली आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा निकाल, पीकविम्याची नोंद, शिधापत्रिकेची पडताळणी हे सर्व आता या जाळ्यातून जाते. ज्या वस्तीवर जाळे पोहोचत नाही, तेथील विद्यार्थी केवळ करमणुकीला मुकत नाही. तो आपल्या हक्काच्या खिडकीपर्यंतच पोहोचू शकत नाही. आणि जाळे तेथे पोहोचायचे असेल, तर ते कमी विजेवर जगायला शिकले पाहिजे.

या शाळेतून शिकून गेलेल्या विद्यार्थ्यांत काही अभियंते आहेत, आणखी पुष्कळ व्हायचे आहेत. त्यांच्यापुढे हे काम खुले आहे. शंभर वॅट आत गेल्यावर नऊच का बाहेर पडतात, रिकाम्या केंद्राला साठ टक्के वीज का लागते, दोनशे माणसांच्या वस्तीला परवडेल असे केंद्र का असू नये, हे प्रश्न अद्याप पूर्णपणे सुटलेले नाहीत. ते सोडविण्यासाठी गणित लागेल, पदार्थविज्ञान लागेल आणि आपल्या गावाची नेमकी गरज ओळखणारी दृष्टी लागेल. पहिल्या दोन गोष्टी ग्रंथांतून मिळतात. तिसरी नांदुऱ्याच्या परिसरात वाढलेल्या मुलामुलींपाशी आधीच आहे. तिचा उपयोग त्यांनी करावा.